कच्च्या तेलासाठी ऑरगॅनिक किट: हिरवी जीभ जमली की बाकी सोपं

आयसीपी-एमएसवर (तापलेल्या प्लाझ्मात नमुना फोडून धातू मोजणारं यंत्र) कच्चं तेल झायलीन या सेंद्रिय द्रावकात पातळ करून थेट चालवता यावं म्हणून हा किट घेतला. त्यात गार करता येणारा स्प्रे चेंबर (इथे नमुन्याचे बारीक तुषार होतात), मधली नळी १ मिमीची असलेला टॉर्च (इथे प्लाझ्मा पेटतो), प्लॅटिनमचे कोन (यांच्या भोकातून आयन आत जातात) आणि ऑक्सिजनची वेगळी लाइन. आठ महिने वापरतेय.

व्हॅनेडियम-निकेलसाठी घेतला नाही. ते तेलातल्या पोर्फिरिन नावाच्या मोठ्या रेणूंमध्ये अडकून बसलेले असतात, बऱ्याच तेलांत भरपूर असतात, जुन्या पद्धतीनेही सापडतात. दुखणं होतं आर्सेनिकचं. जुन्या पद्धतीत अर्धा ग्रॅम तेल नायट्रिकमध्ये मायक्रोवेव्हला लावून ५० मिली केलं की १०० पट पातळ झालं, वर ॲसिडचा आणि भांड्यांचा मळ वेगळाच. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या १६३४सी या प्रमाणित फ्युएल ऑइलमध्ये आर्सेनिक किलोला साधारण ०.१४ मिलिग्रॅम. म्हणजे मशीनपुढे जेमतेम १.४ पीपीबी (अब्जात १.४ भाग). झायलीनमध्ये १० पटच पातळ केलं तर १४. अर्धं काम इथेच झालं.

उरलेलं काम झायलीनमधला कार्बन जाळणाऱ्या ऑक्सिजनचं, आणि तिथे पहिला आठवडा रडवलं. कमी पडला तर कोनवर काजळी धरते, तासाभरात सिग्नल घसरतो. जास्त झाला तर कोनच झिजतात. साधे निकेलचे कोन तर लवकर कामातून जातात. मॅन्युअलमध्ये फक्त एक आकडा दिलाय, तो विसरा. झायलीन चालू ठेवून खिडकीतून प्लाझ्माकडे बघा: कार्बनची हिरवी जीभ दिसते. ती टॉर्चच्या तोंडाशी आखडेल इतकाच ऑक्सिजन सोडा.

चेंबर मी उणे ५ वर ठेवते, वाफ कमी जाते. पण ऑर्थोझायलीनच घ्या. पॅराझायलीन १३ अंशांनाच गोठतं! मेणकट तेलं मात्र गार भिंतींना चिकटतात, दर नमुन्यानंतर धुणं लांबतं.

एक फसगत सांगते. प्लाझ्मात कार्बन असला की आर्सेनिकचा सिग्नल आपोआप फुगतो. पाण्यातल्या स्टँडर्डवर (माहीत प्रमाणाचं तुलनेचं द्रावण) मोजलंत तर आकडा छान येईल आणि चुकीचा येईल. स्टँडर्ड त्याच झायलीनमध्ये, धातूविरहित बेस ऑइल घालूनच करा. क्रोमियमच्या ५२ वस्तुमानावर तेवढ्याच वजनाचा आर्गॉन-कार्बन आयन येऊन बसतो, तिथे असे जोड आयन हेलियम वायूने गाळणारा हेलियम मोड हवाच.

काउंट्स (यंत्राने मोजलेले आयन) वाढले म्हणून आम्ही दोन दिवस खूश होतो. मग डिटेक्शन लिमिट, म्हणजे ओळखता येणारं किमान प्रमाण काढलं, ब्लँकच्या (नमुना नसलेल्या नुसत्या द्रावकाच्या) विचलनाच्या तिप्पट, तर ती जवळपास होती तिथेच. झायलीनची बाटलीच मळकी निघाली. बाटली बदलल्यावर खरा फरक दिसला.

तक्रार पंपाच्या नळीची. डब्यात साधी पीव्हीसी दिलीय, झायलीनमध्ये ती फुगते. ऑरगॅनिकसाठीच्या किटमध्ये! व्हायटॉन रबराची वेगळी मागवावी लागली. आणि पाऱ्यासाठी याच्यावर विसंबू नका, तो नळ्यांना धरून राहतो आणि पुढच्या नमुन्यात डोकावतो. पारा आम्ही अजूनही जुन्या, जाळून मोजणाऱ्या यंत्रावरच करतो.