यकृताचा शंट असलेले पिल्लू : शस्त्रक्रिया की औषधोपचार?

पग, शिह त्झू किंवा माल्टीज जातीच्या कुत्र्याचे पिल्लू वयाच्या मानाने लहानखुरे राहत असेल, जेवणानंतर सुस्तावत असेल किंवा भिंतीला डोके टेकवून उभे राहत असेल, तर जन्मजात शंटची, म्हणजे यकृताला टाळून जाणाऱ्या सदोष रक्तवाहिनीची, शंका घ्यावी लागते. यात आतड्यांकडून आलेले रक्त यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जाते आणि न गाळलेला अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. उपाशीपोटी व जेवणानंतर दोन तासांनी केलेली बाइल ॲसिड (रक्तातील पित्ताम्लांची) चाचणी बिघाड दाखवते. शंट नेमका कुठे आहे, हे सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) स्पष्ट होते.

औषधांनी मूळ दोष जात नाही, लक्षणे आटोक्यात राहतात. लॅक्ट्युलोज सिरप माणसांना बद्धकोष्ठतेसाठी दिले जाते, त्यामुळे पोट साफ होते आहे असे पाहून काही घरांत ते परस्पर बंद होते. इथे मात्र त्याचे काम मोठ्या आतड्यात अमोनिया अडकवून बाहेर टाकण्याचे असते. दिवसातून दोन-तीनदा मऊ शी व्हावी, इतकीच मात्रा ठेवतात, कारण जुलाबाने शरीरातील पाणी कमी झाले की मेंदूची लक्षणे उलट वाढतात. जोडीला प्रतिजैविक आणि बेताची प्रथिने असलेला आहार असतो. मटणाऐवजी पनीर, अंडे, सोया चालते. पण वाढत्या पिल्लाला नुसत्या दही-भातावर ठेवणे मला अजिबात पटत नाही. जंतांचे औषधही चुकवू नये, कारण अंकुशकृमींमुळे आतड्यात झिरपलेले रक्त हेही प्रथिनच असते आणि त्यापासूनही अमोनिया बनतो.

शस्त्रक्रियेत शंटभोवती अमेरॉइड कडी किंवा सेलोफेनची पट्टी बसवतात. कडीच्या आतले केसिन (दुधातले प्रथिन) शरीरातील द्रव शोषून फुगते आणि वाहिनी काही आठवड्यांत हळूहळू बंद होते. ती एकदम बांधली, तर आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीतला दाब वाढून पोटात पाणी भरू शकते. पहिल्या तीन-चार दिवसांत फिटचे झटके येण्याचा धोका असतो आणि ते जिवावर बेतू शकतात. लॅब्रेडॉरसारख्या मोठ्या जातींत शंट बहुधा यकृताच्या आतच असतो व तिथवर पोहोचणे अधिक अवघड ठरते.

ब्रिटनमध्ये १२४ कुत्र्यांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेली कुत्री अधिक जगली, निदानाच्या वेळच्या वयाने त्यात फरक पडला नाही. कोणाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे. तरीही शंट एकच, यकृताबाहेरचा आणि सर्जन अनुभवी असेल, तर माझा कौल शस्त्रक्रियेला आहे. घाई मात्र नको, आधी काही आठवडे औषधांनी पिल्लू स्थिर करावे.

दीर्घ यकृतदाहामुळे पुढे निर्माण झालेले अनेक शंट ही वेगळी गोष्ट. वाढलेल्या दाबाला त्यांनीच वाट करून दिलेली असते, म्हणून ते बंद करायचे नसतात. तिथे औषधोपचारच करावा लागतो. खर्चाचा हिशेब मांडताना शस्त्रक्रियेनंतरची औषधेही धरावीत, कारण ती चाचण्या पाहून टप्प्याटप्प्यानेच कमी केली जातात.