बावधनचे बगाड पाहावे की बोरीचा बार?

सातारा जिल्ह्यातला एखादा आगळावेगळा उत्सव पाहायचा आहे, पण रजा एकाच दिवसाची मिळणार आहे, अशी ज्यांची अडचण असते ते बहुधा दोन नावांपाशी येऊन थांबतात. एक म्हणजे वाई तालुक्यातील बावधनचे बगाड, म्हणजे नवस फेडणाऱ्या माणसाला उंच टांगून बैलांनी ओढत नेलेला गाडा, आणि दुसरे म्हणजे खंडाळा तालुक्यातील सुखेड आणि बोरी या गावांमधला बार. पहिले रंगपंचमीला, भर उन्हात. दुसरा नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, श्रावणसरींत. मी साताऱ्याचा असल्यामुळे दोन्ही पाहिले आहेत आणि बाहेरगावचे पाहुणे विचारतात तेव्हा आता एकाचेच नाव सुचवतो. माझे कारण प्रत्येकाला पटेलच असे नाही, म्हणून ते थोडे विस्ताराने मांडतो.

प्रथम बाराविषयी, कारण त्याचे आकर्षण ऐकताक्षणीच कळते. दोन गावांच्या मधून वाहणाऱ्या ओढ्याच्या दोन्ही काठांवर स्त्रिया जमतात आणि हातवारे करत, वाद्यांच्या गजरात, एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. काही जणी पाण्यात उतरून पलीकडच्या बाईला आपल्या काठावर ओढू पाहतात आणि मध्ये उभ्या असलेल्या महिला पोलिसांना त्यांना आवरावे लागते. एका पाटलाच्या दोन बायका या ओढ्यावर भांडता भांडता मेल्या, अशी कथा सांगितली जाते. बार झाला नाही तर पाऊस रुसतो, अशीही श्रद्धा आहे. वर्षभर सासर, शेत आणि शेजार सांभाळताना जे ओठांआड ठेवावे लागते, ते त्या तासाभरात देवाधर्माच्या मान्यतेने मोकळे होते. असे जगात इतरत्रही घडलेले आहे. प्राचीन ग्रीसमध्ये अथेन्सहून एल्युसिसला जाणारी देमेतर या धान्यदेवतेची मिरवणूक केफिसॉस नदीच्या पुलावर आली की तिथे थांबलेले लोक मिरवणुकीतल्यांना टोमणे आणि शिव्या देत असत. पाण्याचा काठ, पीकपाणी आणि अपशब्द यांची सांगड इतक्या दूर अंतरावर सापडावी, याचे मला आजही नवल वाटते.

एवढे असूनही मी बाराचे नाव चटकन सुचवत नाही, आणि त्याला कारण एकच आहे: हातातले मोबाईल. गर्दी, चिखल, वाहन लांब उभे करावे लागणे हे सारे सोसता येते. परंतु दोन्ही काठांवर बायकांच्या मागेपुढे आणि वरच्या उंचवट्यांवर बाहेरून आलेले पुरुष हात उंचावून चित्रण करत उभे असतात. एखादी बाई त्वेषाने पुढे आली की सगळे पडदे तिच्या चेहऱ्याकडे वळतात, कोणी तिला ‘अजून एकदा’ म्हणून डिवचतो, आणि तिने उच्चारलेला शब्द संध्याकाळपर्यंत तिला ओळखत नसलेल्या हजारो लोकांपर्यंत पोहोचलेला असतो. ज्या बाईला हे बोलण्याची मुभा परंपरेने एका ओढ्यापुरती आणि एका दुपारपुरती दिली होती, तिची मुभा आपण काढून घेतो, असे मला तिथे उभे असताना फार तीव्रतेने वाटले. मी फोन खिशात ठेवला होता, तरीही त्या पुरुषांच्या रांगेतला मीही एक होतोच. पदर डोक्यावरून पुढे ओढून घेणारी आणि मग हळूच मागे सरकणारी एक वयस्कर बाई मी पाहिली. ती कॅमेऱ्यामुळेच मागे गेली असे खात्रीने म्हणता येणार नाही, पण माझा कल तिथेच ठरला.

बगाडाकडेही मोबाईल कमी नसतात, हे कबूल केले पाहिजे. फरक उत्सवाच्या घडणीत आहे. बार हा दोन काठांनी एकमेकांशी घातलेला वाद आहे आणि तिसऱ्या नजरेला त्यात मुळात जागाच नाही. बगाड मात्र सर्वांनी पाहावे म्हणूनच उभे केलेले असते. होळी पौर्णिमेच्या रात्री भैरवनाथाच्या मंदिरात कौल लावून बगाड्या, म्हणजे बगाडावर चढणारा माणूस, ठरतो. रंगपंचमीला कृष्णाकाठच्या सोनेश्वराहून त्याला शिडाला, म्हणजे गाड्यावरच्या लांब लाकडी खांबाला, बांधून उंच चढवतात, आणि दगडी चाकांचा तो अवजड लाकडी गाडा बैलांच्या अनेक जोड्या शेतांमधून गावाकडे ओढत नेतात. पूर्वी पाठीत गळ टोचला जाई, ते आता होत नाही. नवस फेडणारा माणूस इतक्या उंचीवर असतो की लांबच्या बांधावरूनही तो दिसावा, आणि पाहणाऱ्याने ‘काशिनाथाचं चांगभलं’ म्हटले की तोही त्या विधीत सामील झाला. मेक्सिकोतील व्होलादोरेस हा याचा दूरचा नातलग म्हणता येईल: तिथे उंच खांबाच्या टोकावर एक जण बासरी आणि छोटा ढोल वाजवतो आणि चार जण दोरांना लटकून, परंपरेनुसार प्रत्येकी 13 फेऱ्या घेत, जमिनीकडे उतरतात. युनेस्कोने 2009 मध्ये त्याची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. त्यांचा खांब मात्र एका जागी रोवलेला असतो. आमच्याकडे माणसाला टांगलेले ते सबंध शीड चालू लागते, आणि गाडा खरोखर हलतो तेव्हा पायाखालची जमीन हादरल्याचे जाणवते.

बगाडाचे तोटेही आहेत आणि ते किरकोळ नाहीत. मार्चचे ऊन अंगावर घ्यावे लागते, सावली जवळपास मिळत नाही, आणि गाडा शेतात रुतला किंवा बैलांच्या जोड्या बदलायच्या असल्या की बराच वेळ काहीही घडत नाही. बैलांवर पडणारा ताण पाहणे काहींना जड जाईल. मलाही काही क्षण तो पाहवला नाही, जरी ते बैल वर्षभर किती मायेने पोसलेले असतात हे ठाऊक असले तरी. गाड्याच्या फार जवळ जाणे धोक्याचे आहे, त्यामुळे लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी दहादा विचार करावा. बार तासाभरात आटोपतो, तर बगाडाला दिवस द्यावा लागतो. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांना कदाचित बारच अधिक भावेल. मला ती रेंगाळलेली दुपारच आवडली. बांधावर बसलेल्या अनोळखी शेतकऱ्याने कुठली जोडी कुणाची हे समजावून सांगितले, आणि ते सगळे गाडा थांबलेला असतानाच ऐकायला मिळाले.

बाराला जायचेच असेल, तर सुखेड किंवा बोरीत माहेर वा सासर असलेल्या बाईसोबत, तिची पाहुणी म्हणून स्त्रियांनी जावे, आणि पुरुषांनी मागे राहून फोन बाहेर काढू नये, एवढे सुचवावेसे वाटते. तशी ओळख नसेल तर रंगपंचमीची रजा टाकावी, वाईत आदल्या रात्री मुक्काम करावा आणि सकाळी लवकर सोनेश्वर गाठावे, कारण बगाड्याला शिडावर चढवतानाचा क्षण गर्दी वाढल्यावर नीट दिसत नाही. त्यानंतर गाड्यामागे चालत राहण्यापेक्षा पुढे जाऊन वाटेवरच्या एखाद्या उंच बांधावर जागा धरावी. पाणी आणि टोपी मात्र सोबत असू द्यावी.