लातूरला अण्णांची हार्टची सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) केली, सेंटर चांगलंय पण पार्किंगचं काही खरं नाही

अण्णांना रेडिएशनचीच लई धास्ती होती, म्हणून आधीच विचारलं. टेक्निशियनने न वैतागता सांगितलं, ठोके 60 च्या आसपास आले की मशीन ईसीजी बघून ठोक्याच्या फक्त एका टप्प्यातच एक्स-रे सोडतं, बाकी वेळ बंद. जुन्या पद्धतीत पूर्ण ठोकाभर चालू राहायचं आणि डोस कितीतरी पट जास्त व्हायचा. अण्णांचे ठोके 80 च्या वर, मग मेटोप्रोलोल (ठोके कमी करायचं औषध) देऊन बसवून ठेवलं, तास-दीड तास गेला, पण घाई केली नाही हे मला आवडलं. ठोके जोरात असले की फोटो हलतो अन मग परत काढायचा म्हणजे डबल डोस.

अण्णा अंगानं बारीक, म्हणून फोटो 120 ऐवजी 100 केव्हीवर (म्हणजे एक्स-रेचा जोर कमी ठेवून) घेतला. डोस कमी केला की फोटोत दाणे येतात, ते कॉम्प्युटर इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शनने साफ करतो म्हणे. आमच्या कार्डिओलॉजिस्टने बघून फोटो एकदम क्लिअर आहे म्हणले.

रिपोर्टसोबत डोसचं पान मात्र मागूनच घ्यावं लागलं, हे बरं नाही. त्यात डीएलपी (पूर्ण स्कॅनमध्ये मशीनने सोडलेल्या डोसचा आकडा) बघा, 200 असेल तर जुन्या हिशोबात 0.014 ने गुणून 2.8 मिलीसिव्हर्ट (शरीराला लागलेल्या रेडिएशनचं माप), नव्या हिशोबात हार्टसाठी 0.026 धरतात, मग 5.2. निसर्गातून वर्षाला सरासरी 2.4 मिळतंच.

रिसेप्शनवाली जरा तुसडी, पण क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट बघितल्याशिवाय आत सोडलं नाही. पाचपैकी चार स्टार.