माळरानावर बसायचे कशात? वाहून नेता येणाऱ्या लपणांचा तुलनात्मक आढावा

वाहून नेता येणारे जमिनीवरचे लपण, म्हणजे ज्यात दडून बसून पक्षी-प्राणी पाहता येतात असा आडोसा, आज विकत सहज मिळते, पण ते मुळात आपल्या गरजेसाठी घडवलेले नाही, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्यायला हवे. अमेरिकेत हरणांच्या आणि रानटी टर्कीच्या शिकारीसाठी धनुष्यबाण किंवा बंदूक घेऊन तासन् तास आत बसता यावे, या हेतूने असे तंबू तयार होतात. खिडक्यांची उंची, जाळीची वीण, कापडावरची पानांची छपाई, इतकेच नव्हे तर आतला काळा रंगही त्याच हेतूने ठरलेला असतो. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीला बंदी असल्यामुळे आपल्याकडे हे तंबू पक्ष्यांचे व लहान प्राण्यांचे छायाचित्रण करणाऱ्यांच्या आणि निरीक्षकांच्या उपयोगी पडतात. बंदुकीच्या आणि कॅमेऱ्याच्या गरजा काही बाबतींत जुळतात, काहींत मुळीच जुळत नाहीत, आणि खरेदीनंतरची निराशा बहुतेक वेळा या न जुळणाऱ्या भागातून येते. पुढील तुलना दख्खनच्या पठारावरील माळराने, पाणथळींचे काठ आणि शेतांतील पाणवठे यांच्यापुरती केली आहे. घाटातल्या आणि कोकणातल्या दाट जंगलाचा उल्लेख ओघात येईल तेवढाच.

प्रथम दोन तंबूंची तुलना करू, कारण दुकानात बहुधा हेच दोन समोर ठेवले जातात. पहिल्यात प्रत्येक भिंतीच्या मध्यभागी फायबरच्या काड्या एका सांध्यात एकत्र येतात आणि तिथला पट्टा बाहेर ओढला की भिंत ताणली जाऊन ताठ उभी राहते. याला हब तंबू म्हणतात. दुसरा पोलादी स्प्रिंगचा असतो, तो पिशवीतून काढताच आपोआप उघडतो आणि मिटवताना पीळ देऊन गोल घडी करावी लागते. हब तंबूचा पाया साधारण पाच ते सहा फूट लांब-रुंद, उंची साडेपाच फुटांच्या आसपास आणि वजन मापानुसार सहा ते दहा किलो भरते, तर स्प्रिंगचा तंबू बहुधा त्याच्या निम्म्या वजनाचा असतो. केवळ हे आकडे पाहिले तर स्प्रिंगचा तंबू सरस वाटेल. परंतु पक्षी एखाद्या नव्या वस्तूला सरावतात ते ती वस्तू हलत नाही म्हणून. रंग आणि आकार त्यानंतर येतात. स्प्रिंगच्या तंबूची भिंत सैल असते आणि माळावर उन्हे चढू लागली की सुटणाऱ्या वाऱ्यात ती फडफडते, त्यामुळे टिटवी एकदा ओरडून उठली की आसपासचे सगळे पक्षी सावध होतात. हब तंबू नीट ताणून बांधला तर त्याचे कापड हलत नाही, आणि माझ्या मते एवढ्या एका गुणासाठी त्याचे जास्तीचे वजन सोसावे. शिवाय स्प्रिंगच्या तंबूची घडी शिकण्यात अनेकांची पहिली सकाळ खर्ची पडते, म्हणून तो घ्यायचाच असेल तर घडी घालण्याचा सराव घरीच पक्का करावा.

अर्थात हब तंबूचे खरे स्थान ठरावीक जागा आहे. ओळखीच्या शेतकऱ्याच्या विहिरीजवळचा पाण्याचा डबरा, बांधावरचे पाणी साठणारे हौद अशा ठिकाणी तो दोन-तीन दिवस आधी उभा करून ठेवता येतो, आत खुर्ची, तिकाटणे, पाण्याच्या बाटल्या असे सगळे सामान मावते आणि दोघांना बसता येते. रोज जागा बदलणाऱ्याने मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.

जागा बदलणाऱ्यांसाठी खुर्चीचे लपण आणि अंगावर घ्यायचे जाळे हे दोन पर्याय उरतात. खुर्चीच्या लपणात घडीच्या खुर्चीलाच कमानींवरचे छत जोडलेले असते. बसल्यावर ते डोक्यावरून पुढे ओढले की एका माणसापुरती खोली तयार होते. वजन चार-पाच किलो असते, उभारायला मिनिटभरही लागत नाही आणि पाठीला टेका मिळतो. जाळे किंवा छापील कापडाची झूल तर किलोभराच्या आत असते आणि पाठपिशवीच्या एका कप्प्यात मावते. यांतला भेद हालचालीचा आहे. जाळ्याखाली बसलेल्या माणसाने मान वळवली की जाळे हलते, हात उचलला की जाळे उचलले जाते, म्हणजे लपण माणसाइतकेच स्थिर राहते. खुर्चीच्या लपणात आतली हालचाल बरीचशी आतच राहते. म्हणून ज्याला तासभर निश्चल बसता येते, त्याने जाळ्यावर पैसे वाचवावेत, आणि ज्याला येत नाही, त्याने स्वतःशी प्रामाणिक राहून खुर्चीचे लपण घ्यावे. सावली असलेल्या जंगलात हा निर्णय आपोआप जाळ्याच्या बाजूने झुकतो. कोकणातल्या ओहोळाकाठी तिबोटी खंड्याची वाट पाहताना झाडाच्या बुंध्याला टेकून जाळे पांघरले की पुरे. तिथे तंबू उभारायला सपाट जागा मिळत नाही आणि त्यासाठी झुडपे तोडणे तर गैरच आहे.

खुर्चीच्या लपणाची मोठी उणीव उंची ही आहे. बसल्यावर कॅमेऱ्याचे भिंग जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर येते. पाण्यावर उतरणारा खंड्या किंवा फांदीवरचा कोतवाल यांना त्याने काही बिघडत नाही, पण धाविक, चंडोल, चिखल्या हे पक्षी जमिनीवर चालणारे आहेत आणि वरून टिपलेल्या त्यांच्या चित्रात पार्श्वभूमी म्हणून नुसती माती येते. भिंग जमिनीपासून वीतभर उंचीवर आले की तीच मागची जमीन धूसर होऊन पक्षी उठून दिसतो. यासाठी पालथे झोपून वापरायचे बुटके तंबू मिळतात. त्यांची लांबी माणसाएवढी आणि उंची दोन-अडीच फुटांची असते, त्यामुळे वाऱ्याला ते अंग कमी देतात आणि लांबून दगडाच्या ढिगासारखे भासतात. चित्राच्या दृष्टीने माळरानावर याला तोड नाही. शरीराच्या दृष्टीने मात्र हा सर्वांत कष्टाचा पर्याय आहे. मान आणि कोपरे लवकर दुखू लागतात, आणि चाळिशीनंतर तासाभराहून अधिक वेळ असे पडून राहणे अनेकांना झेपत नाही. छातीखाली जाड गादी घेतल्यास थोडा फरक पडतो. मुरमाड माळावर फुरसे आणि घोणस दोन्ही असतात, म्हणून शिवलेला तळ नसलेल्या तंबूत झोपण्यापूर्वी जमीन काठीने आणि विजेरीच्या उजेडात तपासावी, आणि निघताना तंबू झटकूनच गुंडाळावा.

या सर्वांहून स्वस्त आणि पुष्कळदा सरस असा एक पर्याय बहुतेकांच्या दारात उभा असतो, तो म्हणजे मोटार. माळावरचे प्राणी-पक्षी वाहनांना सरावलेले असतात. माणूस उतरला की ते पळतात, पण इंजिन बंद करून खिडकीवर धान्याची किंवा वाळूची पिशवी ठेवून थांबलेल्या गाडीकडे ते दुर्लक्ष करतात. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, तिथे तर वाहनातूनच पाहायचे असते; स्वतःचा तंबू उभारण्याचा प्रश्नच येत नाही. मोटारीची मर्यादा रस्त्याची आहे. गवतात चाके घालून पक्ष्याच्या मागे जाणारी गाडी जमिनीवरची घरटी चिरडते, आणि पखुर्डी, टिटवी, धाविक हे सगळे जमिनीवरच अंडी घालणारे पक्षी आहेत. नवशिक्याने पहिला हंगाम मोटारीतच काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याला कोणते पक्षी, किती अंतरावरून आणि किती वेळ पाहायचे आहेत, हे त्या काळात कळते आणि मग पुढची खरेदी नेमकी होते.

खरेदी करताना छपाईवर भाळू नये. परदेशी तंबूंवरची ओक-मेपलची हिरवी-तपकिरी पाने आपल्या पावसाळ्यात एक वेळ खपून जातील, पण दिवाळीनंतर माळ पिवळा पडतो आणि त्या पिवळ्या कुसळी गवतात तो गडद ठिपका दुरून डोळ्यांत भरतो. साधे मळकट खाकी कापड किंवा वरून टाकलेले गोणपाट याहून चांगले काम करते. लष्कराच्या गणवेशाशी साम्य असलेली छपाई तर टाळावीच. ती नसत्या चौकशीला निमंत्रण देते. कापड धुण्याची वेळ आली तर साध्या पाण्याने धुवावे, कारण अनेक पक्ष्यांना अतिनील प्रकाश दिसतो आणि कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जी चमकद्रव्ये घालतात, ती त्याच प्रकाशात उजळतात. आतून काळा असणे हा मात्र शिकाऱ्यांच्या तंबूचा जमेचा गुण आहे. आत अंधार असला की बाहेरून माणसाची आकृती दिसत नाही, परंतु समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवल्या तर हा लाभ संपतो, कारण मागच्या उजेडावर डोके स्पष्ट उमटते. एकच बाजू उघडी ठेवावी आणि गडद रंगाचे कपडे घालावेत.

जाळीच्या बाबतीत शिकारी आणि छायाचित्रकार यांच्या वाटा पूर्णपणे वेगळ्या होतात. काही तंबूंच्या खिडक्यांना बाण आरपार जाईल अशी जाळी असते, आणि विक्रेते ती कॅमेऱ्यासाठीही उपयुक्त असल्याचे सांगतात. जाळीतून डोळ्यांना उत्तम दिसते हे खरे, पण भिंगातून टिपलेले चित्र फिके पडते आणि स्वयंचलित फोकस अडखळतो. भिंग जाळीबाहेर काढता येईल अशी स्वतंत्र, आवळता येणारी बाही असलेली खिडकी असेल तरच तो तंबू कॅमेऱ्याच्या कामाचा समजावा. काही तंबूंच्या भिंतीच आतून आरपार दिसणाऱ्या कापडाच्या असतात, त्यामुळे आत बसून जवळजवळ चहूबाजूंनी दिसते. निरीक्षकाला ते सुखाचे वाटते, पण सूर्य पाठीमागून आला की आतल्या माणसाची सावली त्या कापडावर उमटते, म्हणून जास्त पैसे देऊन ती सोय घेण्याचे मला कारण दिसत नाही.

आता जमिनीचा विचार. तंबूसोबत येणाऱ्या बारीक खुंट्या मुरमात वाकतात आणि काळ्या जमिनीत, विशेषतः उन्हाळ्यात भेगा पडल्यावर, धरत नाहीत. लोहाराकडून दहा मिलिमीटर सळईच्या फूटभर लांबीच्या खुंट्या करून घेणे हा मुरमासाठी उत्तम उपाय आहे. भेगाळलेल्या जमिनीत खताच्या रिकाम्या पोत्यांत जागेवरचेच दगड-माती भरून त्यांना दोर बांधावेत. उन्हाळ्यात बंद कापडातली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी तापते, आणि काळे अस्तर त्यात भर घालते. मार्चनंतर नऊ-साडेनऊच्या पुढे आत बसणे आरोग्याला धोक्याचे आहे, मग तंबू कोणताही असो.

एक देशी पर्याय मी मुद्दाम राखून ठेवला होता. शेतात जागा ठरलेली असेल तर शेतकऱ्याच्या मदतीने चार बांबू रोवून, त्यावर गोणपाट ताणून आणि बाहेरून कडबा किंवा तुराट्या लावून जे लपण होते, ते विकतच्या कुठल्याही तंबूहून परिसरात मिसळणारे असते, आत हवा खेळती राहते आणि हंगाम संपला की कडबा गुरांपुढे जातो. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १९००च्या सुमारास बैलाच्या कातड्याचा पोकळ सांगाडा करून त्यात कॅमेरा लपवला होता; त्या मानाने आपला कडबा फारच साधा उपाय म्हणायचा.

वापराविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण चांगले लपण चुकीच्या जागी मांडले तर साध्या झुडपाइतकेही कामाला येत नाही. सकाळच्या बैठकीसाठी खिडकी पश्चिमेकडे असावी, म्हणजे उगवता सूर्य पाठीशी राहतो. चिमणीएवढ्या पक्ष्यासाठी पाचशे मिलिमीटरच्या भिंगाला सहा-सात मीटरचे अंतर योग्य ठरते, मात्र आपल्या भिंगाचे किमान फोकस अंतर आधी पाहावे, कारण काही मोठ्या भिंगांचे ते साडेचार मीटरच्या आसपास असते. उजाडण्यापूर्वी आत जावे. उजाडल्यावर जाणे भागच असेल तर सोबत्याला बरोबर न्यावे आणि त्याला उघडपणे परत जायला सांगावे. माणूस निघून गेला असे बरेच पक्षी समजतात, कावळ्यापुढे मात्र ही युक्ती चालेलच असे नाही. बाहेर पडताना समोर पक्षी नसल्याची खात्री करावी, नाहीतर पुढच्या वेळी ते त्या तंबूला माणूस म्हणूनच ओळखतील. पक्ष्यांच्या बाबतीत माणसाच्या वासाची चिंता फारशी करायला नको, पण खोकड, लांडगा आणि चिंकारा यांच्यासाठी वारा त्यांच्याकडून आपल्याकडे येत असला पाहिजे.

घरट्याजवळ आणि गुहेजवळ यांतले कोणतेही साधन लावू नये. हा केवळ शिष्टाचार नाही. उपरोक्त अधिनियमाच्या शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे आणि वन्य प्राण्याला आमिष दाखवणे यांचाही समावेश आहे, म्हणजे बंदूक हातात नसतानाही माणूस शिकारीच्या गुन्ह्यात सापडू शकतो. नान्नज, नांदूर मध्यमेश्वर किंवा सुप्याचे मयूरेश्वर यांसारख्या अभयारण्यांत वन विभागाच्या परवानगीशिवाय लपण मांडता येत नाही. खासगी शेतात मालकाची परवानगी घ्यावीच, शिवाय पोलीस पाटलांच्या आणि त्या भागात मेंढ्या चारणाऱ्या धनगरांच्या कानावर घालून ठेवावे. झुडपात दडलेला अनोळखी माणूस कुणालाही संशयास्पद वाटतो, आणि मेंढपाळांचे कुत्रे तर थेट तंबूवर येतात. जुन्नर-शिरूरकडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर असल्याने तिथे तिन्हीसांजेला बुटक्या तंबूत एकट्याने पडून राहू नये. त्या भागात मोटार हेच योग्य लपण आहे.

शेवटी, दुकानात असताना तंबू पूर्ण उघडून दाखवायला सांगावा, आत बसून आपले भिंग खिडकीतून फिरवून पाहावे आणि चेनचा आवाज ऐकावा. चेन करकरत असेल तर तो तंबू घेऊ नये. बटणाची किंवा हुकाची खिडकी त्याहून बरी. जुना हब तंबू स्वस्तात मिळत असेल तर सांध्यात शिरणाऱ्या काड्यांची टोके तपासावीत, कारण मोडतोड बहुधा तिथेच होते, आणि सुट्या काड्या मिळतील का, हे व्यवहारापूर्वीच विचारून घ्यावे.