नुनावुत सिवुनिक्सावुत : इनुइट विद्यार्थ्यांसाठी ओटावात चालणारी एक मोलाची व्यवस्था

कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, नुनावुत सिवुनिक्सावुत ही छोटी शिक्षणसंस्था १९८५ पासून चालते. नुनावुत या कॅनडाच्या अतिउत्तरेकडील प्रदेशातून बारावी होऊन आलेल्या इनुइट, म्हणजे आर्क्टिकच्या मूळनिवासी, मुलामुलींना महाविद्यालयीन शिक्षणात स्थिरावण्यासाठी ती मदत करते आणि अल्गॉन्क्विन कॉलेजच्या सहकार्याने त्यांना अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्रही मिळते. परगावाहून शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मदतीचे काम मी या शहरात करत असल्यामुळे अशा बऱ्याच सेवा जवळून पाहिल्या आहेत. त्यांपैकी हिच्याइतका नेमका विचार दुसऱ्या कोणत्याही सेवेत मला आढळला नाही, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

या मुलांची अडचण समजून घ्यायची तर आधी नकाशा पाहावा लागतो. नुनावुतमध्ये पंचवीस वस्त्या आहेत आणि एकीपासून दुसरीपर्यंत जाणारा रस्ता नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार या अवाढव्य प्रदेशाची लोकसंख्या सदतीस हजारांच्या आत होती. राजधानी इकालुइतहून ओटावाला विमानाने सुमारे तीन तास लागतात. पण रँकिन इन्लेटच्या बाजूचा माणूस दक्षिणेत येतो तो साधारणपणे विनिपेगमार्गे आणि केंब्रिज बेचा माणूस येलोनाइफमार्गे, म्हणजे ओटावा त्यांच्यासाठी आणखी आडवळणाचे. नुनावुत आर्क्टिक कॉलेज प्रदेशातच आहे, तरी पदवीच्या बहुतेक वाटा दक्षिणेकडेच जातात. हजार-दीड हजार लोकांच्या, सगळे एकमेकांना ओळखणाऱ्या वस्तीतून अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी इथे येते, तेव्हा भाडेकरार, विजेचे बिल, बसचा पास आणि आठवड्याचा किराणा हे सगळे तिच्यावर एकदमच येऊन पडते, आणि त्याच आठवड्यात वर्गही सुरू होतात.

बहुतेक महाविद्यालयांत मदत म्हणजे एक खोली, एक समुपदेशक आणि भेटीची वेळ. विद्यार्थी नापास होऊ लागला की त्याला तिथे पाठवतात. नुनावुत सिवुनिक्सावुतमध्ये मदत अभ्यासक्रमातच गुंफलेली आहे, आणि याचे मूळ संस्थेच्या जन्मात आहे. ऐंशीच्या दशकात तुंगाविक फेडरेशन ऑफ नुनावुत ही इनुइटांची संघटना केंद्र सरकारशी भूमिहक्कांच्या वाटाघाटी करत होती. त्या वाटाघाटींत काय चालले आहे हे वस्त्यावस्त्यांत जाऊन लोकांना समजावून सांगणारे तरुण कार्यकर्ते तिला हवे होते, आणि त्यांच्या प्रशिक्षणासाठी हा वर्ग निघाला. पुढे १९९३ मध्ये नुनावुत करारावर सह्या झाल्या, १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश अस्तित्वात आला, आणि वर्ग मात्र टिकून राहिला.

आजही तो करार हा इथल्या अभ्यासाचा कणा आहे. कराराचे २३ वे कलम सांगते की शासकीय नोकऱ्यांत इनुइटांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या प्रमाणाला साजेसे असावे. प्रदेशात दर शंभरांत सुमारे पंच्याऐंशी लोक इनुइट असताना नोकऱ्यांमधला त्यांचा वाटा निम्म्याच्या आसपासच अडकून पडलेला आहे. ही तफावत शाळेपासूनच सुरू होते आणि इनुक्टिटुट (इनुइटांची भाषा) आणि इंग्रजी या दोन्ही भाषांतले भक्कम शिक्षण मिळाल्याशिवाय ती मिटणार नाही, असे कराराच्या अंमलबजावणीत मध्यस्थ नेमलेले माजी न्यायाधीश थॉमस बर्जर यांनी २००६ च्या आपल्या अहवालात स्पष्ट लिहिले होते. आपण इथे का आलो आहोत, याचे उत्तर विद्यार्थ्याला या कलमात सापडते. घरची आठवण अनावर झालेल्या विद्यार्थ्याला असे उत्तर हाताशी असणे किती उपयोगाचे आहे, हे मी माझ्या कामात वारंवार पाहिले आहे.

इतिहासाचे महत्त्वही तेवढेच. १९४० च्या दशकापासून कॅनडा सरकारने इनुइटांना क्रमांक कोरलेल्या छोट्या गोल चकत्या दिल्या होत्या. नावांऐवजी क्रमांक, पूर्वेकडच्यांना ‘ई’ आणि पश्चिमेकडच्यांना ‘डब्ल्यू’ हे अक्षर, आणि चकती दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची किंवा कपड्याला शिवायची. हे सत्तरीच्या दशकापर्यंत चालले. आज वर्गात बसलेल्या मुलांच्या आजी-आजोबांना असे क्रमांक होते. १९६० च्या दशकात तर सरकारने तीन इनुइट मुलगे प्रयोगादाखल ओटावात आणून गोऱ्या कुटुंबांत ठेवले होते. त्यांतले पीटर इट्टिनुआर १९७९ मध्ये देशाचे पहिले इनुइट खासदार झाले. मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या, सरकार आणि चर्चच्या निवासी शाळांनी तर अनेक घरांतून भाषाच हिरावून घेतली. शाळा या शब्दाविषयी घरात जो अविश्वास असतो त्याचे कारण आपल्या माणसांचा कमीपणा नसून हा इतिहास आहे, हे कळले की मूल स्वतःला दोष देणे थांबवते. समुपदेशनाच्या कित्येक तासांनी जे साधत नाही ते इतिहासाच्या चांगल्या तासाने साधते, असे माझे ठाम मत आहे.

वर्गाबाहेरची एक गोष्टही सांगायला हवी. हे विद्यार्थी शहरात ठिकठिकाणी ढोलनृत्याचे आणि कंठगायनाचे जाहीर कार्यक्रम करतात, आणि त्यातून जमलेले पैसे वर्षअखेरच्या अभ्याससहलीला लागतात. त्या सहलीत ते दुसऱ्या देशांतील मूळनिवासी समाजांना भेटतात. कंठगायनात दोघी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींचे दंड धरतात. एक घशातून खोल, खरखरीत सूर काढते, दुसरी त्याच्या मोकळ्या जागेत आपला सूर बसवते, आणि जिला आधी हसू फुटते ती हरते. मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली अनेक ठिकाणी ही कला बंद पडली होती. ओटावात शिकायला आल्यावर ती पहिल्यांदा गळ्यावर चढवणाऱ्या मुली आहेत, आणि अनोळखी प्रेक्षकांसमोर उभे राहण्याचे धैर्य त्यांना तिथूनच मिळते.

राहण्याची सोय साधी आणि योग्य आहे. मुले सदनिका वाटून घेऊन एकत्र राहतात, स्वतः रांधतात, खर्च स्वतः सांभाळतात. नुनावुत शासनाच्या विद्यार्थी अर्थसाहाय्याचा आधार असतो, पण ओटावाची भाडी पाहता त्यात काटकसर अटळ आहे.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे जागा मोजक्या आहेत. दुसरी, ही व्यवस्था मुख्यतः नुकतीच शाळा संपवलेल्या तरुणांना डोळ्यांसमोर ठेवून आखली आहे. नुनावुतमध्ये मुलेबाळे झाल्यावर पुन्हा शिक्षणाकडे वळणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना पाळणाघर, कुटुंबासाठी घर आणि निराळे वेळापत्रक लागते. तिसरी उणीव मला अधिक खुपते. एक-दोन वर्षांच्या या उबदार वर्गानंतर जो विद्यार्थी मोठ्या विद्यापीठात जातो, तो तीनशे जणांच्या व्याख्यानकक्षात पुन्हा एकटा पडतो. उत्तर क्वेबेकमधील नुनाविक या दुसऱ्या इनुइट प्रदेशाची व्यवस्था या बाबतीत उजवी वाटते. १९७५ च्या जेम्स बे या भूमिहक्क करारामुळे तिथले इनुइट शालेय मंडळ, कातिविक इलिसार्निलिरिनिक, आपल्या विद्यार्थ्यांना मॉन्ट्रियलच्या महाविद्यालयांतही खर्चाचा आणि सल्लागारांचा आधार देत राहते. शिवाय ओटावाचा नमुना समोर ठेवून जॉन अ‍ॅबट कॉलेजच्या साथीने २०१७ पासून मॉन्ट्रियलमध्ये नुनाविक सिवुनित्सावुत हा वर्गही सुरू झाला आहे. वर्ग आणि त्यानंतरची सोबत हे दोन्ही एकत्र हवे.

महाराष्ट्रात आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे चालवणाऱ्यांनी या संस्थेचा अभ्यासक्रम अवश्य पाहावा. आपल्याकडे पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेसारख्या योजनांतून निवास-भोजनाचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जातात आणि ते आवश्यकच आहे. पण गडचिरोलीहून पुण्यात आलेल्या मुलाला पेसा आणि वनहक्क कायदा, आपल्या ग्रामसभेचे अधिकार आणि आपल्या भाषेचा इतिहास पहिल्याच वर्षी कोणी शिकवत असेल, तर ते अपवादानेच.

इनुइटांची राष्ट्रीय संघटना इनुइट तापिरीत कनातामी स्वतःच्या भूमीवर विद्यापीठ उभारण्याच्या तयारीत आहे. ते उभे राहीपर्यंत आणि नंतरही हा वर्ग चालू राहावा, त्याच्या जागा वाढाव्यात आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकासाठी पुढील निदान दोन वर्षे एक ठरलेला सल्लागार असावा, एवढी माझी अपेक्षा आहे. ओटावा परिसरातील मराठी मंडळींनी आपल्या कार्यक्रमात या विद्यार्थ्यांना जरूर बोलवावे, मानधन पूर्ण द्यावे, आणि गाणे संपल्यावर प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवावा; बोलायला ती मुले उत्तम तयार असतात.