डेल्टामेथ्रिन २.५ टक्के पावडर: बारदानासाठी चांगली, कीड लागलेल्या ज्वारीला नाही

मागच्या साली आमची मालदांडी ज्वारी श्रावणातच पोरकिड्यांनी पोखरली. पोत्यात हात घातला की नुसतं पीठ. म्हणून यंदा सुगीआधी ही कीटकनाशक पावडर आणली.

दुकानदार आधी धान्यात ठेवायच्या सल्फासच्या सुट्या विषारी गोळ्याच पुड्यात बांधून देत होता. राहत्या घरात ते विष? त्यातून फॉस्फिन वायू निघतो, माणूसही जातो. आणि ते सर्वसामान्यांना विकायला बंदीच आहे. मी सरळ नाही म्हटलं.

ही पावडर लिटरभर पाण्याला ४० ग्रॅम. तेवढ्या ३ लिटर द्रावणात १०० चौरस मीटर जागा होते, आमची खोली आणि बारदान मिळून त्याच्या निम्मंही नव्हतं. रिकाम्या खोलीच्या भिंती, सांदीकोपरे आणि पोत्यांवर बाहेरून फवारलं. धान्यावर थेंबही नाही! हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं. सगळं खडखडीत वाळल्यावरच पोती भरली. ज्वारीही दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवली होती; ओल राहिली तर कुठलंच औषध पुरत नाही.

पोळा झाला, अजून पोती स्वच्छ. तीन महिन्यांनी फवारणी पुन्हा करावी लागते, तो कंटाळा आहे.

एक मात्र खरं, जुनी लागलेली दोन पोती शेजारी ठेवली होती, त्यांत काडीचा फरक नाही. दाण्याच्या आतल्या अळीपर्यंत हे पोचतच नाही. ती पोती शेवटी कोंबड्यांना घातली. पाकिटावरची मराठी सूचना भिंगाशिवाय वाचता येत नाही, तेवढा एक तारा कापला.