बर्मा सागवान म्हणून बसवलेला कठडा आणि तिसऱ्या पायरीवरचं पीठ

"तिसऱ्या पायरीवर मैदा कोणी सांडला गो?" जुलैतल्या एका सकाळी सासूबाईंनी विचारलं. मी झाडून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी तेवढीच ढिगळी. चिमूटभर, पिवळसर पांढरी, बोटांत घेतली तर मैद्यासारखीच मऊ. घरात उंदीर झाले असतील म्हणून मी मसाल्याचे डबे तपासले. कठड्याकडे मान वर करून बघायचं सुचायला मला आठ दिवस लागले.

आमचं वझिऱ्याच्या गावठाणातलं घर. खालचे दोन खण जुने, वरचा मजला आम्ही परवानगी काढून नव्याने बांधला. परवानगीची कथा पुन्हा कधीतरी. जिना घरातूनच, मध्ये वळणावर सपाट जागेचा एक चौक, एकूण सोळा पायऱ्या. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळे कठडा हाताला उबदार लागेल असा, लाकडाचाच हवा हे माझं खूळ. स्टीलचा निम्म्या पैशात झाला असता. नवरा तेव्हाही तेच म्हणत होता आणि आता दर रविवारी म्हणतो.

कंत्राटदार आणला आमच्या लादीवाल्याने. माणूस मालवणी बोलायचा. दर ठरवताना मी का-कू करायला लागले, तर म्हणाला, "वयनी, मी काय परको आसंय?" खरं सांगते, माझी अर्धी चौकशी तिथेच संपली. परक्या माणसाला मी दहा प्रश्न विचारले असते.

त्याने खिशातून चार इंचांचा एक तुकडा काढला, रंध्याने नुकताच साफ केलेला. "वास घ्या." सागवानाचा तो जुन्या चामड्यासारखा वास, बोटाला किंचित तेलकट स्पर्श, काप बघितला तर वलयं स्पष्ट. अस्सल बर्मा, घनफुटाला ६,५०० रुपये. मग आम्हाला रे रोडला, लकडी बंदराकडच्या एका वखारीतही नेलं. एका फळीवर त्याने खडूने आमच्या आडनावाचं पहिलं अक्षर घातलं. मी फोटो काढला. किती कौतुकाने काढला होता तो फोटो! खडू रंध्याच्या पहिल्या हातातच उडतो, आणि ती फळी आमच्यासाठी कापली गेली की नाही हे बघायला आमच्यातलं कोणीही नंतर तिकडे गेलं नाही. तो तुकडाही त्याने परत खिशात टाकला. मी मागितला नाही. आज कोणी मला विचारलं की तू नेमकी कुठे फसलीस, तर मी त्या खिशाकडे बोट दाखवीन.

म्यानमारने गोल ओंडक्यांची निर्यात एप्रिल २०१४ पासून बंद केली आहे, हे मला नंतर कळलं. कापीव माल आणि जुना साठा बाजारात असतो, पण "बर्मा" हा शब्द इतक्या सहज कानावर पडला तर कागद मागायलाच हवेत. आपल्याकडचं बल्लारशाचं सीपी, म्हणजे जुन्या मध्य प्रांताचं, सागवान काही कमी नाही. मलाच बर्मा हवं होतं, चारचौघींत सांगायला.

अंदाजपत्रकात १३ घनफूट लाकूड धरलं होतं. मी बेरीज तपासली, माप तपासलं नाही. हिशोब शाळकरी आहे: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. अडीच बाय अडीच इंचाचा तीन फुटी कच्चा दांडा धरला तर एक ०.१३ घनफूट. असे २८ दांडे म्हणजे साडेतीनच्या थोडं वर. वीस फूट हँडरेल, तीन इंच बाय अडीच इंच, साधारण एक. चार बाय चारचे, चार फुटी मुख्य खांब तीन, ते सव्वापेक्षा थोडे जास्त. झाले सहा. कापण्यात आणि रंध्यात जातं म्हणून वर पाव भाग धरा, साडेसात. उरलेल्या साडेपाच घनफुटांचे पस्तीस हजार मी नसलेल्या लाकडाचे दिले. तेही सागवानाच्या भावाने.

एकूण १,४०,०००. सत्तर टक्के आगाऊ, म्हणजे ९८,०००. त्यातले ५०,००० "माझ्या खात्याची लिमिट संपली" म्हणून दुसऱ्याच नावाच्या यूपीआयवर, बाकी रोख.

एप्रिलमध्ये माल आला तो पॉलिश मारूनच. "वयनी, नव्या घरात धूळ कशाला? कारखान्यातच करून आणलं." मला तो माणूस किती समजूतदार वाटला! गडद तपकिरी, आरशासारखा चकचकीत कठडा. दोन दिवसांत बसवून ३०,००० घेऊन गेला. बारा हजार मी राखून ठेवले, तेवढीच काय ती माझी अक्कल.

कच्चं लाकूड घरात येऊ द्या, तासलेलं, उघडं, पांढरं-तपकिरी जे असेल ते दिसू द्या, बसवू द्या, आणि पॉलिश शेवटी तुमच्यासमोर होऊ द्या. धूळ झाडता येते. स्टेनरच्या, म्हणजे लाकडाला रंग देणाऱ्या द्रवाच्या, दोन हातांखाली काय आहे ते सुताराशिवाय कोणालाच कळत नाही.

गणपतीला कुडाळहून काका आले. त्यांना मी पीठ दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, तिसऱ्या पायरीवरचा एक दांडा धरून हलवला, तर तो जागच्या जागी गोल फिरला. खाली कुसू, म्हणजे खाचेत अडकणारी जीभ, काढून खाचेत बसवलेलाच नव्हता. एक खिळा आणि भोवती लांबी (पुटी) भरून वर रंग. काकांनी तो उपटलाच. बुडाला पॉलिश पोचलं नव्हतं, तिथे लाकूड फिकट, सायीच्या रंगाचं. चाकूने खरवडलं, वास घेतला. वास नाहीच. अंगावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं, आपटलं की त्यातून पीठ.

"ह्यां सागवान न्हय गो. ह्यां रबर."

आमच्या सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे रबराच्या बागा आहेत, त्यामुळे काकांना पुस्तक बघावं लागलं नाही. रबराचं लाकूड वाईट असतं असं नाही, बोरॉनची प्रक्रिया करून त्याचं चांगलं फर्निचर होतं. पण त्यात पिष्टाचा अंश भरपूर, आणि प्रक्रिया केली नसेल तर भुंग्याच्या अळ्यांना मेजवानी. सागाच्या गाभ्यात तेल असतं, कीड तिथे सहसा जात नाही. सागाचीही बाहेरची फिकट पट्टी मात्र कच्चीच, तिला कीड लागते. म्हणून खरं सागवान घेतानाही कडेची सफेदी बघून घ्या.

मी फोन केला. आधी म्हणाला, "पावसाळ्यात लाकूड घाम टाकतं." मग म्हणाला, गणपती झाले की येतो. मग फोन लागेना. अंदाजपत्रकावरचा पत्ता शोधत नवरा गेला, तिथे झेरॉक्सचं दुकान. जीएसटी क्रमांक मोजला तर १४ आकडे-अक्षरं. असतात १५. महाराष्ट्राचे दोन सुरुवातीचे आकडे २७ त्याने बरोबर घातले होते, त्यामुळे नजर फसली. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे, चालू आहे की रद्द, हे फुकट दिसतं. ९८,००० देण्याआधी दोन मिनिटं लागली असती.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पहिला प्रश्न, बिल आहे का? बिल नव्हतं, व्हॉट्सअ‍ॅपवरचं अंदाजपत्रक होतं. "बर्मा टीक" हे शब्द त्यात लिहिलेले होते, एवढंच नशीब. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. रोखीच्या ४८,००० चा माझ्याकडे एक चिटोरा नाही. ते गेलेच म्हणून सोडून दिलेत.

कठड्याचा चौकापर्यंतचा पहिला टप्पा आम्ही पुन्हा करून घेतला, सीपी सागवानात. या वेळी वखारीचं बिल आमच्या नावावर, मजुरी वेगळी, आणि नमुन्याच्या तुकड्यावर सुताराची आणि माझी, दोघांची सही. तुकडा देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. सुतार जरा दुखावला, "ताई, एवढा अविश्वास?" म्हणाला. मी चहा पुढे केला आणि पेन दिलं.

चौकाच्या वरचा टप्पा अजून जुनाच आहे, पैसे जमेपर्यंत. सासूबाई तिथे भिंतीच्या बाजूने चढतात. काकांनी उपटलेला दांडा पुरावा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गॅलरीत ठेवलाय. काल उचलून बघितला, पिशवीच्या तळाशी मूठभर पीठ जमलंय.